कठपुतळीवाल्यांना बोलावणार असाल तर पेनड्राइव्ह घरी ठेवायला सांगा

पहिल्या खेळाला पाचपैकी दोन आणि दुसऱ्याला साडेचार. तेच तिघे कलाकार, त्याच बाहुल्या, तोच पडदा, जागाही तीच; मधे फक्त एक रात्र गेली. हे कसं झालं ते सविस्तर लिहितो, कारण आमच्या मंडळाने यंदा केली तीच चूक पुढच्या गणपतीत बेळगावातली आणखी चार मंडळं करणार. आणि मी स्वतः स्पीकरवाला असल्यामुळे त्या चुकीत निम्मा वाटा माझा.

माझा धंदा बेळगावच्या अनगोळात. मंडप, खुर्च्या, लाईटिंग काही नाही, फक्त आवाज. वडिलांच्या वेळी दोन कर्णे आणि एक अहुजाचा अँप एवढाच संसार होता. लग्नाच्या आदल्या दिवशी घरासमोरच्या आंब्यावर कर्णा चढवायचा आणि पहाटे सनईची तबकडी लावायची, की साऱ्या गल्लीला कळायचं. आता चार टॉप, चार बेस, सोळा चॅनलचा मिक्सर आणि बँकेचे हप्ते आहेत. गाणी पेनड्राइव्हवर, दोन मोठे फोल्डर करून: एक मराठी-हिंदी, एक कन्नड. बेळगावात एका फोल्डरवर पोट भरत नाही. १ नोव्हेंबरला तर गंमतच असते. राज्योत्सवाच्या, म्हणजे कर्नाटकच्या स्थापना दिनाच्या, मिरवणुकीचं बुकिंग महिनाभर आधी येतं, आणि त्याच दिवशी निषेध म्हणून मराठी माणसांची काळ्या दिनाची फेरी असते मूक. त्या दिवशी माझी कमाई कुठून होते हे मी घरात मोठ्याने बोलत नाही.

असो, बाहुल्या. गेल्या वर्षी मंडळाने लहान पोरांसाठी म्हणून एका इव्हेंटवाल्याला पैसे दिले होते. नाव लिहीत नाही, गाव लहान आहे. त्याने कार्टूनचे पोशाख चढवलेली दोन मुलं पाठवली. अर्ध्या तासात त्या फोमच्या डोक्यात एकाला घामाने चक्कर आली. उंदराचं डोकं काखेत धरून तो आमच्या कट्ट्यावर सोडा पीत बसला, आणि ते बघून बालवाडीतली चार पोरं अशी काही रडली की विचारू नका. म्हणून यंदा म्हाताऱ्या मंडळींनी बैठकीत सांगितलं, कठपुतळीचा खेळ ठेवा, आमच्या लहानपणी असायचा. खडेबाजारातल्या एका मारवाडी कापडवाल्याने नंबर दिला.

व्यवहार फोनवरच झाला. दोन दिवस, दोन खेळ, मिळून अकरा हजार, जेवण-मुक्काम आमच्याकडे, तीन हजार आगाऊ. त्यांना लागतं काय, तर दहा बाय आठची सपाट जागा, एक हॅलोजन आणि दोन खाटा. खाटा झोपायला नव्हेत. त्या उभ्या करून त्यांच्या आधारानेच रंगमंच बांधतात. आता अनगोळात सुतळीच्या खाटा आणायच्या कुठून? शेवटी मंडपवाल्याचे बांबू लावले. पुढे तीन कमानींचा कापडी पडदा, त्याला ते तिबारा म्हणतात, आणि मागे काळं कापड, म्हणजे दोऱ्या दिसत नाहीत. कलाकार राजस्थानातल्या नागौरकडचे भाट. साठी ओलांडलेले बाबूजी, त्यांचा मुलगा आणि ढोलकीवर पुतण्या. कर्नाटकात वर्षानुवर्षं फिरून कन्नड आकडे आणि दोन-चार शिव्या तिघांनाही पाठ. सातचा खेळ साडेआठला सुरू झाला. उशिराचे मार्क मी इथेच कापले, कारण उशीर का ते काही सांगितलं नाही, नुसतं हसले.

पहिला खेळ पेनड्राइव्हवर. मुलाने माझ्या हातात पेनड्राइव्ह ठेवला आणि म्हणाला, एक नंबर से लगाते जाओ. अकरा गाणी. पहिलं 'पल्लो लटके', ठीक आहे, ते त्यांचं लोकगीतच. पुढची दहा अलीकडच्या सिनेमातली, निम्मी रिमिक्स. प्रत्येक गाण्यावर एक बाहुली यायची, गिरक्या घ्यायची, जायची. मी धंद्याच्या सवयीने बेस वर घेतला. ठोका पडला की तिबारा थरथरायचा आणि बाहुलीच्या घागऱ्याची झालर ठोक्याच्या आधीच हलायची, म्हणजे बाहुलीला माझा बेस नाचवत होता, बाबूजी नव्हेत! समोर सगळे मोबाईल वर करून उभे. पस्तीस मिनिटांत खेळ खलास. टाळ्या पडल्या, पण आरतीनंतर प्रसादाच्या आधी पडतात तशा.

एकच आयटम वेगळा होता. गारुडी आणि नाग. त्याला गाणं नव्हतं. बाबूजींनी तोंडात काहीतरी घातलं आणि पडद्यामागून असा चिरका, नाकातला, चिमणीच्या भांडणासारखा आवाज आला की खुर्च्यांवरची पोरं आपोआप खाली जमिनीवर येऊन पुढे सरकली. पुतण्याने ढोलकीचा माईक त्यांच्याकडे वळवला तर स्पीकर शिट्टी मारायला लागला. मी ट्रेबल पूर्ण खाली ओढला, तरी शिट्टी थांबेना. शेवटी तो माईकच बंद केला. आणि काय सांगू, माईक बंद केल्यावर आवाज अजून लांब गेला. रामनाथच्या चहाच्या गाडीपर्यंत, म्हणजे चांगलं दीडशे पावलं. माझ्या चार टॉपना जो आवाज पेलवला नाही तो एका म्हाताऱ्याच्या गालात मावला होता. दोन मिनिटांत नाग टोपलीत गेला आणि परत गाणं नंबर सहा.

खेळ संपल्यावर वायरी गुंडाळताना मी आत डोकावलो. बाबूजी बाहुल्या पिशवीत भरत होते. एक हातात घेऊन बघितली. डोकं आंब्याच्या लाकडाचं, डोळे कपाळापर्यंत गेलेले, अंग नुसत्या चिंध्यांचं, आणि घागऱ्याखाली पाय नाहीतच. लांब घागरा एवढा घेरदार का, ते तेव्हा कळलं. दोरी बघून तर मी चकितच झालो. मला वाटलं होतं वर लाकडी फुली असेल, तिला पाच-सहा दोऱ्या. इथे एकच दोरी डोक्यातून निघून बोटांवरून फिरून कमरेत परत येते, आणि हाताला दुसरी. बस. बाकी सगळं बोटांत. बाबूजींच्या उजव्या हाताच्या मधल्या बोटावर अंगठी घालतात तिथे गोल घट्टा होता, अंगठीसारखाच. नाचणारी अनारकली तेवढी जास्त दोऱ्यांची, ती त्यांनी मला हातात दिली नाही.

ती तोंडातली वस्तू दाखवा म्हटलं. त्यांनी जिभेखालून काढून तळहातावर ठेवली. बांबूच्या दोन पातळ चिपा, मधे ताणलेली पट्टी, दोऱ्याने करकचून बांधलेली, आकाराने आपल्या सुपारीच्या फोडीएवढी. बोली म्हणतात तिला. बाहुली बोलते ती बोलीतून, आणि तिचं बोलणं कोणाला कळत नाही म्हणून ढोलकीवाला ते लोकांना उलगडून सांगतो, तिच्याशी हुज्जत घालतो. म्हणजे खरा खेळ दोघांच्या भांडणाचा.

मी म्हटलं, "बाबूजी, मग हे एवढंच का वाजवलं?"

"लोग गाना माँगते हैं, साहब. बोली कौन माँगता है?"

"मी मागतो. उद्या पेनड्राइव्ह नको."

ते मुलाकडे बघायला लागले. मुलगा माझ्याकडे. स्पीकरवाल्यानेच गाणं नको म्हणावं हे त्यांनी बहुतेक पहिल्यांदाच ऐकलं.

त्या रात्री झोप लागेना, आणि धंद्याची सवय म्हणून डोक्यात यादी सुरू झाली: बाहुल्यांची गाणी मी आजवर कोणकोणती वाजवली? पन्नाशीच्या पुढचे पाहुणे असले की 'चोरी चोरी'मधलं 'जहाँ मैं जाती हूँ' हमखास लागतं. १९५६ चा सिनेमा, लता आणि मन्ना डे, संगीत शंकर-जयकिशनचं. राज कपूर आणि नर्गिस त्यात स्वतःच कठपुतळ्या होऊन नाचतात, अंग ताठ, मान लटकी. पुढच्याच वर्षी 'कठपुतली' नावाचा सिनेमा आला, वैजयंतीमाला आणि बलराज साहनींचा. त्यातलं शैलेंद्रचं 'बोल री कठपुतली' ऐका. प्रश्न काय विचारलाय बाहुलीला? तुझी दोरी कोणाशी बांधली? म्हणजे तू काय करतेस हे कोणी विचारतच नाही. कन्नड फोल्डरमध्ये कन्नड नट राजकुमारांचं 'बोंबेयाटवय्या' आहे, १९८७ च्या 'श्रुती सेरिदाग'मधलं, तिथंही देव सूत्रधार आणि माणूस त्याच्या हातातलं बाहुलं. कीर्तनातही हाच दृष्टांत, आमच्या वडगावच्या बुवांनी तो शंभरदा दिला असेल. कॅम्पात एका गोवन कुटुंबाच्या लग्नाच्या पंचविसाव्या वाढदिवसाला मला चिठ्ठीवर 'पपेट ऑन अ स्ट्रिंग' लिहून दिलं होतं. सँडी शॉ नावाच्या बाईने अनवाणी उभं राहून गायलेलं, १९६७ साली व्हिएन्नात युरोव्हिजन स्पर्धा जिंकलेलं, ब्रिटनला त्या स्पर्धेतलं पहिलं बक्षीस मिळवून देणारं. बँडच्या ठोक्यावर धुमधुम चालतं, म्हातारी जोडपी छान नाचली त्यावर. आणि गंमत म्हणजे त्या बाईला स्वतःला ते गाणं अजिबात आवडायचं नाही. तिथंही तेच, मी तुझ्या दोरीवरची बाहुली.

मुंबईपासून बेंगळुरूपर्यंत आणि तिथून लंडनपर्यंत गाण्यातली बाहुली बिचारीच. दोरीला बांधलेली, हुकुमाची ताबेदार, डोळ्यात पाणी. गाणी लिहिणाऱ्यांनी दोरी बघितली आणि तिथेच थांबले. बाहुलीचा खेळ शेवटपर्यंत बसून बघितला असता तर असं लिहिलं नसतं. कारण खेळातली बाहुली कोणाचंच ऐकत नाही.

हे मी एवढ्या खात्रीने सांगतो त्याला कारण आहे. मी दहा-अकरा वर्षांचा असताना आजीबरोबर सौंदत्तीला यल्लम्माच्या डोंगरावर गेलो होतो. परतताना बैलहोंगल वाटेवरच्या एका खेड्यात मुक्काम पडला. त्या साली पाऊस लांबला होता, आणि पावसासाठी गावाने तोगलु गोंबेयाट सांगितला होता, म्हणजे चामड्याच्या बाहुल्यांचा खेळ. पांढरा पडदा, मागे दिवा, आणि त्यावर रंगीत सावल्या. राम-रावण कन्नडात बोलत होते, मला निम्मं कळत होतं, पेंगही येत होती. मग एकदम एक काळा, पोट सुटलेला, विचित्र केसांचा माणूस पडद्यावर उड्या मारत आला आणि सगळं गाव हसायला लागलं. तो किळ्ळेक्यात. त्याच्यामागे त्याची बायको बंगारक्का. त्यांनी रामायण थांबवलं, गावच्या गौडाची, म्हणजे पाटलाची, टिंगल केली, एकमेकांना बडवलं, आणि आजीने माझ्या कानावर हात ठेवला असं काहीतरी बोलले. कोणी त्यांना गप्प केलं नाही. देवाला तिथे दोरी होती म्हणा, किळ्ळेक्याताला नव्हती.

पण मला आठवतं ते पुढचं. खेळ संपल्यावर मी पडद्यामागे गेलो. खेळवाला बायकोवर ओरडत होता, दिव्यातलं तेल का संपवलंस म्हणून, आणि ओरडत होता मराठीत! आपली मराठी नव्हे, वेगळी, कन्नडात बुडवून काढलेली, पण शब्द न शब्द कळणारी. मी आजीला हलवून उठवलं, "अगं, हे आपले लोक आहेत!" आजी म्हणाली, "असतील की. झोप." पुष्कळ वर्षांनी समजलं की कर्नाटकातले हे किळ्ळेक्यात समाजाचे लोक घरात मराठीचीच एक बोली बोलतात आणि पडद्यावर कन्नड. समाजाचं नाव आणि त्या आगाऊ बाहुल्याचं नाव एकच. सीमाभागात राहणाऱ्याला याहून जवळचा नातेवाईक कुठे सापडणार? याच समाजातल्या कोप्पळ जिल्ह्यातल्या मोरनाळच्या भीमव्वा शिळ्ळेक्यातर यांना २०२५ साली पद्मश्री मिळाली, नव्वदी ओलांडल्यावर. आणि आंबोलीचा घाट उतरून गेलं की कुडाळजवळ पिंगुळीत ठाकर समाजाच्या कळसूत्री बाहुल्या आणि चित्रकथी आहेत, तिथल्या परशुराम गंगावणे यांना २०२१ ची पद्मश्री. एका हाताला कोप्पळ, दुसऱ्या हाताला पिंगुळी, आणि आम्ही मधे बसून नागौरच्या बाहुल्या मागवल्या. बाबूजींचा यात दोष नाही, पण मंडळाच्या पुढच्या बैठकीत मी हे बोलणार आहे. तेव्हा मला कोणी गप्प करू नये.

हा आगाऊपणा काही फक्त आपल्याकडचा नाही. इंग्रजांचा पंच बघा. इटलीतला पुलचिनेल्ला लंडनला गेला आणि पंच झाला. ९ मे १६६२ ला सॅम्युअल पीप्स नावाच्या सरकारी अधिकाऱ्याने कॉव्हेंट गार्डनला तो खेळ बघून डायरीत लिहून ठेवलं, म्हणून तारीखसुद्धा पक्की. हा पंच काठी घेऊन बायकोला, पोलिसाला, फाशी देणाऱ्याला, सगळ्यांना बडवतो आणि वर खूश होतो. त्याच्या खेळवाल्याच्याही तोंडात अशीच एक पट्टी असते, आवाज तसाच चिरका. नागौर आणि लंडन, दोन्हीकडच्या खेळवाल्यांना एकच अक्कल सुचली: बाहुलीचा आवाज माणसासारखा काढायचा नाही, नाहीतर ती माणसाच्या ताब्यात जाते. माझा भाचा उद्यमबागेच्या बाजूला कॉलेजात असताना गिटार बडवायचा, त्याच्याकडे मरिलियन बँडचं 'पंच अँड जूडी' होतं, १९८४ चं. विस्कटलेल्या संसाराचं गाणं. निदान तिथे पंचला काठी तरी ठेवली होती. गाणं मात्र मला काही झेपलं नाही.

दुसरा खेळ. दुपारी चार वाजता, त्याच मंडपात, गल्लीतली पन्नासेक पोरं आणि त्यांच्या आज्या. हॅलोजन नाही, बेस नाही, फक्त ढोलकीला एक माईक, तोही अर्ध्या आवाजात. खरं सांगायचं तर पहिली दहा मिनिटं वाईट गेली. पोरांना कानाशी ठोका नसला की चैन पडत नाही, ही सवय मीच लावलीय. चुळबुळ सुरू झाली. अमरसिंह राठोडचा दरबार लागला होता. हा नागौरचा सरदार, त्याने १६४४ साली आग्र्यात भर दरबारात सलाबतखानाला मारलं, भाट लोक पिढ्यान्पिढ्या तीच कथा खेळवतात. तलवारबाजी चांगली होती, दोन बाहुल्या एकमेकींच्या अंगावर फट्फट् आदळायच्या, पण सरदार येऊन मुजरा करतायत, करतायत, करतायत. त्यात घोडेस्वाराची दोरी तिबाऱ्याच्या कमानीत अडकली आणि घोडा हवेत लटकून राहिला. बोलणं मारवाडी-हिंदी, आज्यांना ओ की ठो कळेना. शेवटी आमच्या गल्लीतली एक बाई, भाजी विकते, ती पुढे येऊन बसली आणि ढोलकीवाल्याचं ऐकून मराठीत सांगायला लागली. मनाचंही बरंच घालत होती. अर्धा मार्क कापला तो या भागासाठी. बाईंना पूर्ण पाच.

मग अनारकली आली. बोली वाजली. आणि तिसऱ्या रांगेतून एक पोरगं ओरडलं, "ओ काका, बोंबे हेळतैते लावा की!"

बाहेरच्यांसाठी सांगतो. हे कन्नड नट पुनीत राजकुमारच्या 'राजकुमार' सिनेमातलं गाणं, २०१७ चं, विजय प्रकाशने गायलेलं. अर्थ साधा, बाहुली सांगतेय. त्याच्या वडिलांच्या म्हणजे थोरल्या राजकुमारांच्या 'कस्तुरी निवास'मध्येही १९७१ साली बाहुलीचं गाणं होतं, पाडली तरी परत उभी राहणाऱ्या बाहुलीचं, आणि ऑर्केस्ट्रावाले दोन्ही जोडून म्हणतात. २९ ऑक्टोबर २०२१ ला पुनीत गेला त्यानंतर ते गाणं मी किती वेळा लावलं असेल याची गणती नाही. मराठी लग्नातही मागतात. अनगोळच्या मराठी पोराला ते पाठ असणं यात काही नवल नाही.

मी म्हटलं झालं, आता परत पेनड्राइव्ह. पण पडद्यामागे ढोलकी थांबली. पुतण्याने बाबूजींकडे बघितलं असावं. मग बोलीतून त्या गाण्याची पहिली ओळ आली. सूर गेलेले, शब्द नाहीत, नुसती चिंवचिंव, पण चाल तीच! पोरं किंचाळली. अनारकली पुढे येऊन त्या पोराच्या समोर वाकली आणि काहीतरी कचाकचा बोलली.

पुतण्या म्हणाला, "कहती है, गाना मैं बोलूँगी, नाचेगा कौन? तेरा बाप?"

भाजीवाल्या बाईंनी हे मराठीत सांगायची गरज पडली नाही. पोरगं लाजून आईच्या पदरात शिरलं. बाहुली गप्प. हलेना. दोरी असून हलेना, हे बघा. पाच-सहा पोरं ओरडली, "नाच की! तिला सांगा की नाचायला!" बाहुलीने मान फिरवली आणि पाठ करून उभी राहिली. शेवटी ते पोरगं उठलं आणि आधी लाजत, मग हात-पाय झाडत नाचायला लागलं. तेव्हा कुठे बाईसाहेब वळल्या, कमरेला झटका दिला आणि त्याची नक्कल करायला लागल्या. तो हात वर करी, ती हात वर. तो गर्रकन फिरला, तिचा घागरा छत्रीसारखा उघडला. तो दमून थांबला तर ती कचाकचा बोलून त्याला शिव्या घालायला लागली. मी मिक्सरवर बसलो होतो, बोटं नॉबवर होती, आणि फिरवायला काही नव्हतं. वीस वर्षांत असं बसलो नव्हतो.

एवढी वर्षं गाण्यात बाहुली सांगते असं म्हणतात, त्या दिवशी ती खरोखर सांगत होती, आणि सांगत होती की मी नाचणार नाही, तू नाच. नंतर बहुरूपी आला, एका बाजूने बाई, उलटला की पुरुष. मग गारुडी, आणि नागाने गारुड्यालाच टोपलीत घातलं. काल तसं नव्हतं. बाबूजींना चेव चढला होता. एक तास दहा मिनिटं चाललं. आज्या उठल्याच नाहीत, संध्याकाळच्या चहाची वेळ टळली तरी.

काही व्यवहाराच्या गोष्टी. खेळानंतर ते बाहुल्या विकायला मांडतात. राजा-राणीची जोडी सहाशे सांगतात, साडेचारशेला देतात, पण घाम लागला की रंग हाताला येतो, लहान पोरं तोंडात घालतात, तेव्हा जपून. जेवणात कांदा-लसूण चालतो, पण आमचा झणझणीत रस्सा मुलाला सोसला नाही, ताक जास्त ठेवा. खेळाची जागा स्पीकरच्या थेट समोर नको. पुढे पोरांना जमिनीवर बसवा, खुर्च्या मागे. बाहुली दीड-दोन फुटांची असते, पाचव्या रांगेपलीकडे नुसता घागरा दिसतो. शंभराच्या वर गर्दी असली तर दोन खेळ लावा, मोठ्या स्क्रीनच्या भानगडीत पडू नका. एका मंडळाने तसं केल्याचं बाबूजी सांगत होते. पोरं स्क्रीनकडे बघत बसली आणि बाहुल्या एकट्याच नाचल्या. आणि फोनवर ठरवतानाच स्पष्ट सांगा, बोलीचा खेळ पाहिजे, ढोलकीवर, आणि पूर्ण तासाचा. तसं न सांगितलं तर अकरा गाणी पदरात पडतील. त्यात त्यांची चूक नाही, ते गिऱ्हाईक बघून खेळतात.

भाषेची अडचण मात्र खरी आहे. भाजीवाल्या बाई प्रत्येक गल्लीत असतीलच असं नाही, तेव्हा उलगडून सांगायला कोणी तरी तोंडाळ माणूस आधीच हेरून ठेवा. शिकलेला नको, तो शब्दार्थ सांगत बसतो.

निघताना बाबूजींनी हिशेब मिटवला, तीनदा मोजला, आणि माझ्या चार बेसच्या डब्यांकडे बघून विचारलं, "अगले साल ये सब लाओगे?"

मी म्हटलं ढोलकीचा एक माईक आणेन. त्यांनी जरा विचार केला आणि म्हणाले, "वो भी मत लाना." मग मी काय करू? तर म्हणाले, भाजीवाली बीमार पड़ी तो आप बैठना. पुढच्या वर्षाचे दोन हजार आगाऊ देऊन टाकलेत. बाईंना अजून सांगितलेलं नाही.